तिखटाचा नैवेद्य

माझ्या धाकट्या भावाची बायको गेल्या माघापासून देवघरात पाऊल टाकत नाही. दिवा मी लावतो. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून हात जोडते आणि मागच्या पडवीत भांडी घासायला जाते. माझी बायको माघात गेली. आपण गौरीच्या दिवशी सुनेच्या ओवशाच्या, म्हणजे गौरीला ओवाळायच्या, सुपाला हात लावला म्हणून ती गेली, असं या धाकट्या जावेच्या मनानं घेतलं आहे. माझ्या भावाला जाऊन बरीच वर्षं झाली. विधवेनं ओवशाच्या सुपाला शिवू नये अशी आमच्याकडची समजूत. ती शिवली आणि त्याच साली थोरली जाऊ गेली. तिला एवढं पुरेसं आहे.

मी तिला समजावून पाहिलं. ती "व्हय भावजी" म्हणते आणि कामाला लागते. मला बोलून समजावता येत नाही. सगळं आयुष्य अलिबागच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं; तिथं दुसऱ्यांना गप्प बसवायचं आणि आपणही गप्प बसायचं, हीच नोकरी होती. म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहून काढतो आहे. रोज थोडं थोडं लिहितो. ती वाचेल की नाही, सांगता येत नाही.

आमचं घर रेवदंड्यात. एकाच घराचे दोन भाग, मध्ये एक दार, ते कधी लावलेलं मला आठवत नाही. स्वयंपाक एकच. आम्हाला मूल नाही. भावाचा मुलगा उरणच्या बाजूला ट्रेलरच्या धंद्यात आहे, शनिवार-रविवारी येतो. तो लहान असताना भाऊ गेला, त्यामुळे त्याला दोन्ही जावांनी मिळून वाढवलं.

आजार कुठून सुरू झाला हे मागे वळून बघताना कळतं, तेव्हा कळत नाही. माझी बायको मासळी स्वतः जाऊन घ्यायची. लोक कल्ले उचलून बघतात, ही वासावर घ्यायची. टोपलीपासून हातभर लांब उभी राहून सांगायची, "ही कालची आहे, मला नको," आणि कोळीण पदर तोंडाला लावून हसायची. एक दिवस ती बोंबील घेऊन आली. जावेनं पिशवी उघडली आणि मान मागे घेतली.

"ताई, हे काय आणलंत? घरभर वास मारतोय."

हिनं बोंबील नाकाशी नेला. "कुठं गो?"

"कुठं काय? मांजर बघा, ते पण न्हाय येत जवळ."

आम्ही तिघंही हसलो. सर्दी झाली असेल म्हणालो. नाकाचा आणि मेंदूचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येणार? पुढे खोबरं खवताना उजवा हात मंदावला. मग त्याच बाजूची चप्पल चालताना घासायला लागली. मग चेहरा. तिचा चेहरा हळूहळू हलायचा थांबला. मी सारखा विचारायचो, "रागावलीस का?" एकदा ती वैतागून म्हणाली, "नाही हो रागावले. चेहराच तसा झालाय." हे बोलतानासुद्धा चेहऱ्यावर वैताग नव्हता, नुसत्या आवाजात होता. नंतर तो आवाजही बारीक होत गेला.

रो-रो बोटीनं मुंबईला गेलो, तपासण्या झाल्या, नाव कळलं. पार्किन्सन. त्यानंतर आठवड्यातून एकदा अलिबागला येणारे एक मेंदूचे डॉक्टर आम्हाला बघायचे. पहिल्याच भेटीत हिनं त्यांना विचारलं, "यानं माणूस मरतं का?"

ते म्हणाले, "याच्याबरोबर माणसं खूप वर्षं जगतात."

"आणि मग?"

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या असं त्यांनी सांगितलं होतं. पण रिकाम्या पोटी गोळी घेतली की हिला मळमळायचं, एक-दोनदा उलटी झाली. म्हणून ती जेवताना घ्यायला लागली. दुपारचं जेवण म्हणजे आमच्याकडे भात आणि मासे. सोमवार-गुरुवार सोडले तर रोज. ताज्या मासळीचा दुष्काळ असेल तर सुकट, जवळा, काहीतरी असायचंच. गोळीनं फरक पडला, पण तो भरवशाचा नव्हता. सकाळची गोळी लागायची, दुपारची लागायची नाही. घरात तसंच बोलायची पद्धत पडली. "लागली का?" "अजून नाही." "आता लागतेय." गोळी लागली की ती चालायची, कणीक मळायची, जावेशी भांडायची. लागली नाही की उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे निघालेलं असायचं आणि पाय मागेच. अशा वेळी मी तिच्या पावलांपुढे काठी आडवी धरायचो, ती काठी ओलांडायला पाय उचलायची, आणि एकदा उचलला की चार पावलं निघायची. जावेची रीत वेगळी होती. ती टाळ्या वाजवत गौरीपुढच्या फेराचं गाणं म्हणायची. आपल्या आपण एक पाऊल न टाकता येणारी बाई गाण्याच्या ठेक्यावर स्वयंपाकघरापर्यंत यायची. गाणं थांबलं की थांबायची. "म्हण गो पुढचं," म्हणायची, "मधेच काय सोडतेस मला?"

मग एका वर्षी श्रावणाच्या तोंडावर जाऊ म्हणाली, "ताई, यंदा श्रावण धरा. अख्खा महिना. दिवसा फराळ, दिवे लागल्यावर जेवायचं. शंकराला सांगा, पाय दे म्हणून."

मी नको म्हणालो. गोळ्या चालू आहेत, अशक्तपणा येईल. हिनं माझं ऐकलं नाही. दिवसभर रताळी, केळी, वरीचे तांदूळ. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की पूर्ण जेवण. गोळी ती केळ्याबरोबर घ्यायची.

आठवडाही गेला नसेल. मी दुपारी पडवीत वाचत बसलो होतो, तर ही समोरून, हातात छत्री घेऊन, बाजारातून येत होती. एकटी. चप्पल घासत नव्हती. मी उभाच राहिलो.

"काय बघताय? सुतळी आणायला गेले होते."

"कुणाला सांगून?"

"आता बाजारात जायला पण विचारू का?"

तो सगळा महिना तसा गेला. ती दुपारीसुद्धा चालत होती. ब्लाउजची बटणं लावत होती. जाऊ सोमवारी देवळात नारळ देऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, "पावला." मी पुस्तकं वाचणारा माणूस, मला ते पटण्यासारखं नव्हतं. मला वाटलं, गोळ्या अखेर अंगात मुरल्या. माझंही चूकच होतं, फक्त माझ्या चुकीला नारळ लागला नाही.

हिनं दिवसाचा फराळ गौरीपर्यंत चालू ठेवला. गणपती आले. मग गौर आली. आमच्या घराण्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. श्रावण लागल्यापासून घरात मासळी नसते. ती पहिल्यांदा शिजते ती गौरीसाठी. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, वडे, भात. पण शेजारीच गणपती बसलेला असतो, आणि त्याला तिखट चालत नाही. म्हणून नैवेद्य दाखवायच्या आधी दोघांच्या मध्ये पडदा बांधतात. आईच्या जेवणात काय आहे ते मुलाला दिसू नये. माझी आई बांधायची, तिच्यानंतर थोरली सून म्हणून माझी बायको.

आजार सुरू झाल्यापासून पडद्याची गाठ मी मारत होतो. त्या वर्षी ती म्हणाली, "मी बांधते. हात बरे आहेत माझे." स्टुलावर चढायला मी तिला दिलं नाही, पण खाली उभं राहून दोन्ही टोकांच्या गाठी तिनंच मारल्या. जाऊ केळीच्या पानावर चिंबोऱ्या वाढून आत आली, पान गौरीपुढे ठेवलं, आणि एका बाजूची गाठ सुटून पडदा खाली आला.

मी पडदा उचलून परत बांधला. नैवेद्य झाला, आम्ही जेवलो. हिनं महिन्याभरानंतर मासळी खाल्ली होती. दोनदा कालवण मागून घेतलं.

दुपारनंतर ती परसात गेली आणि विहिरीकडून परत येताना मध्येच अडकली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी गेलो तेव्हा पावसाची सर येऊन गेली होती आणि ती भिजून तशीच उभी होती, एक हात दाराच्या दिशेनं पुढे केलेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. श्रावणात जे आलं होतं ते गेलं.

"पडदा," जाऊ म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिघांच्याही मनात तेच होतं. माझ्याही, हे लिहायला हवं. मी ते तोंडानं बोललो नाही.

माझी बायको मात्र बोलली. "माझ्याच हातानं सुटला."

"अगं, गाठ सुटते कधीकधी."

"माझ्या हाताला गाठ मारता येत नव्हती आणि मी हौस केली."

वर्षभर तिनं ते मनात ठेवलं. रोज गणपतीच्या तसबिरीपुढे उभी राहून ओठ हलवायची. ज्या आजारामुळे हाताला गाठ मारता येत नव्हती, तो आजार त्या गाठीमुळे परत आला असं ती धरून चालली होती. मी तिला इतिहास, शरीरशास्त्र, काय काय वाचून दाखवलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमच्या पुस्तकातल्या माणसांनी गणपतीपुढे चिंबोरी ठेवली नव्हती."

पुढच्या वर्षी तिनं परत श्रावण धरला, आणि परत पाय आले. अगदी तसेच. गौरीच्या दिवशी पडद्याला सुतळीऐवजी तार लावली, खाली सेफ्टी पिना लावल्या, आणि शिवाय जाऊ एक कोपरा मुठीत धरून बसली. नैवेद्य झाला. पडदा हलला नाही. आम्ही जेवलो. दुपार कलली तेव्हा माझी बायको पाटावरून उठूच शकली नाही.

जाऊ रडकुंडीला आली. "मी धरून होते ताई. शप्पथ धरून होते."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की डॉक्टरांना सांगावं. सांगताना लाज वाटली. शिकलेल्या माणसानं शिकलेल्या माणसाला पडद्याची गोष्ट सांगायची. पण मी श्रावणापासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दिवसा काय खात होतात, संध्याकाळी काय, गोळी कशाबरोबर, सगळं हिलाच विचारलं. मग म्हणाले, "आजी, गोळीतलं औषध आणि माशातलं प्रथिन, दोघांना आतड्यातून आत जायला एकच दार आहे. दोघं एकदम आली की गोळी बाहेर राहते. श्रावणात दिवसा तुम्ही मासे, डाळ, दूध काहीच खात नव्हता. म्हणून गोळी आत गेली."

"म्हणजे गणपतीचा काही संबंध नाही?"

"नाही."

"आणि शंकराचा?"

डॉक्टरांनी पेन परत उचललं. "उपासाचा आहे," म्हणाले.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. चौल मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "पडद्याचं बरं होतं."

"का?"

"पडदा घट्ट बांधता येतो."

त्यानंतर घराची रीत बदलली. दिवसा तिला भात, भाजी, भाकरी, फळं. मासे, अंडी, डाळ, दूध सगळं रात्री. मीही दुपारी मासे सोडले तेव्हा चिडली. "तुमचे पाय चालतायत ना? मग खा." पण मला तिच्यासमोर खाववेना. रात्री आम्ही दोघं जेवायचो. रात्री खाल्लं की रात्रीची गोळी लागायची नाही, अंग लाकडासारखं व्हायचं, कूस बदलता यायची नाही, मला उठून बदलावी लागायची. मी एकदा म्हणालो, रात्रीचंही कमी करूया. तर म्हणाली, "रात्री मला कुठं जायचंय?"

असा तिनं सौदा केला होता आणि तो पाळला. दिवस पायांचा, रात्र तोंडाची. कित्येक वर्षं दुपारी आमच्या घरात मासळी तळली गेली नाही. फक्त गौरीच्या दिवशी शिजायची. सगळे जेवायचे, ही पानावर चिंबोरीचा एक तुकडा वाढून घ्यायची, त्याला हात लावून तो बाजूला ठेवायची, रात्री खायची. लोक म्हणायचे काय निग्रह आहे. तिला तो शब्द आवडायचा नाही. "निग्रह कसला? भीती आहे," म्हणायची.

आजार सौदे पाळत नाही. गोळ्यांची ताकद वाढवली, वेळा जवळ आल्या, आणि गोळी लागली की आता अंग वेडंवाकडं हलायला लागलं; नाही लागली की दगड. मधली बरी वेळ आखडत गेली. मग घास. आधी पाण्याचा ठसका लागायचा. हनुवटी छातीशी टेकवून गिळायला शिकवलं, ते शिकली. पाणी घट्ट करायची पावडर आणली, ती पाहून म्हणाली, "हे पाणी खायचं की प्यायचं?" जेवायला इतका वेळ लागायचा की भात गार होऊन त्यावर साय धरल्यासारखं दिसायचं. माशाचे काटे मी काढून द्यायचो. वजन उतरलं. मागच्या आषाढात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं तर ती म्हणाली, "माझ्यासमोर बोला. माझं तोंड आहे ते." मग त्यांनी तिच्यासमोर सांगितलं. घास श्वासनळीत जातोय. छातीत एकदा संसर्ग होऊन गेला आहे. दिवाळीच्या सुमाराला नळी घालावी लागेल. तोंडानं बंद.

तिचा चेहरा हलला नाही, हलणारच नव्हता. रिक्षात बसवल्यावर तिनं माझी बाही ओढली. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"नळीतून चिंबोरी जाते का?"

मी हसलो आणि मग मला हसू आवरेना, आणि मग रस्ताभर मी बाहेर बघत बसलो.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण ते सविस्तर लिहिण्यासारखं नाही. दिवाळीनंतर नळी घातली. नळी असूनही तोंडातली लाळ छातीत उतरायची. पौषात परत दवाखाना, माघात परत, आणि तिथून ती आली नाही. छातीत पाणी झालं होतं. कारण घशाचे स्नायू होते. ते डॉक्टरांनी आषाढात सांगितलं होतं, गौर घरात यायच्या कितीतरी आधी. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे.

आता त्या गौरीची दुपार.

पुतण्याचं लग्न वैशाखात झालं होतं. सून पेणकडची, बोलकी. तिचा पहिला ओवसा होता. नव्या सुनेनं हळदीची पानं, फळं, पानसुपारी भरलेलं सूप गौरीपुढे ओवाळायचं, आणि आमच्या घरची रीत अशी की घरातल्या थोरल्या सवाशिणीनं तिच्या शेजारी उभं राहून सुपाची दुसरी कड धरायची. घरात सवाशीण एकच होती. आमच्या भावकीतलं दुसरं कुणी आता इथं राहत नाही.

ओवसा दुपारनंतर. म्हणजे दुपारची गोळी लागायला हवी होती. मी सकाळपासून तेवढाच विचार करत होतो. सकाळची गोळी चांगली लागली. ती खुर्चीत बसून सुनेला हळदीची पानं कशी मांडायची ते सांगत होती. जाऊ स्वयंपाकघरात चिंबोऱ्या साफ करत होती.

"अगं, नांग्या ठेचून घे," बायको बारीक आवाजात म्हणाली. सुनेनं ते आत ओरडून सांगितलं, "आई, मोठी आई म्हणतात नांग्या ठेचून घ्या."

"ठेचते ना. कुणाला खायच्यात? जबडे सगळ्यांचे धड हायत."

"मला," माझी बायको म्हणाली.

हे सुनेनं सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी जवळ गेलो.

"रात्री खा ना. काढून ठेवू."

"आत्ता."

"ओवसा आहे. पाय..."

"माहीत आहे मला."

"मग?"

तिला लांब वाक्यं बोलायची तर मध्ये दम घ्यावा लागायचा. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी... पाय असले तरी... तोंड नसेल." मग म्हणाली, "सगळ्यांबरोबर बसून खायचंय. दुपारी."

जाऊ दारात येऊन उभी होती, हाताला हळद. "ताई, पोरीचा पहिला ओवसा हाय. तुम्ही उभ्या न्हाय राहिलात तर कोण धरणार?"

त्यावर हिनं काही उत्तर दिलं नाही. ऐकू गेलं नसेल असं नाही.

पडदा मी बांधला. नैवेद्य झाला. आम्ही पंगत मांडली, हिला खुर्ची, बाकीचे खाली. जावेनं नांग्यांतलं मांस काढून कालवणात कालवून तिच्यापुढे ठेवलं. मी चमचा घेतला तर तिनं मान हलवली. तिचा हात वाटीपर्यंत जायचा आणि थांबायचा, परत निघायचा. हनुवटी छातीशी. गिळणं. परत. आमची जेवणं झाली, पानं उचलली गेली. पुतण्या हात धुऊन आला आणि परत आपल्या जागी येऊन बसला. सून बसली. कुणी उठलं नाही. तिला एकदा ठसका लागला. तो निघाला, तिनं डोळे पुसून घेतले आणि परत हात पुढे केला. वाटी पुरी केली.

गोळी मी दिली. मला माहीत होतं ती लागणार नाही.

दुपारनंतर गल्लीतल्या बायका आल्या. हिची खुर्ची देवघराच्या दाराशी होती, गौरीपासून चार पावलांवर. सूनबाई नवी साडी नेसून, सूप घेऊन उभी राहिली. मी हिला काखेत हात घालून उभं केलं. काठी आडवी धरली. पाय हलला नाही. जावेनं टाळ्या वाजवत फेर धरला, बायकांनी साथ दिली, सगळं घर गाऊ लागलं. ती उभी होती, हात आखडलेले, मान पुढे, आणि पाय जमिनीत रुतल्यासारखे. गाणं एक कडवं झालं, दुसरं झालं. बायका गाता गाता माझ्याकडे बघायला लागल्या. मग आवाज विरत गेला. मी तिला खाली बसवलं.

सुनेचे हात सुपाच्या वजनानं थरथरत होते. मागे कुणीतरी म्हणालं, शेजारच्या अमकीला बोलवा, तिची कड चालेल. दुसरी म्हणाली, घरची नको का?

हिनं माझी बाही ओढली. मी वाकलो.

"तिला सांगा, धर."

"कुणाला?"

"जाऊबाईला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती जावेकडे बघत होती. तिचे डोळे तेवढे अजून हलत. मी सरळ झालो आणि म्हणालो, "ही म्हणते, तू धर."

जाऊ दोन पावलं मागे सरली. "मी? मी कशी धरू भावजी? चेष्टा करताय?"

मी परत वाकलो. "ती म्हणते, दोघींनी वाढवला मुलगा. धर."

"न्हाय. न्हाय ताई. अपशकुन करायचाय का मला पोरीला?"

सून वळली. रडवेली झाली होती. "आई, धरा ना हो. माझे हात भरून आले."

जावेनं पदरानं हात पुसले, पुसतच राहिली, मग पुढे आली आणि सुपाची कड धरली. तिच्या बोटांना अजून हळद होती. ओवसा झाला. बायकांपैकी दोघी त्याआधीच निघून गेल्या होत्या.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती जावेसाठीच आहे. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं ते माझ्या तोंडून. हिचा आवाज माझ्याशिवाय कुणाच्या कानापर्यंत गेला नाही. तेव्हा मी दया येऊन मनचं काहीतरी बोललो, असं जावेला वाटत असेल तर ते चूक आहे. "दोघींनी वाढवला मुलगा, धर." हे शब्द हिचे आहेत. मी एकही वाढवला नाही. आणि ती उभी राहू शकली नाही ती कुणाच्या हातामुळे नाही. तिला माहीत होतं की उभं राहता येणार नाही. सकाळी नांग्या ठेचायला सांगितल्या तेव्हाच माहीत होतं. कड कोण धरणार या तुझ्या प्रश्नाला ती गप्प राहिली, ते उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, असं मला आता वाटतं. पण हे मात्र माझं वाटणं आहे, तिचे शब्द नाहीत.

ओवसा झाल्यावर उरलेल्या बायका अंगणात फेर धरायला गेल्या. पाऊस थांबला होता. देवघरात आम्ही दोघंच राहिलो. तिचं अंग आता पुरतं आखडलं होतं, उजवा हात खुर्चीच्या दांडीवर वळून बसला होता, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. मी रुमालानं ती पुसली. तिच्या मनात काय चाललं असेल ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. वाईट वाटत असेल, असं धरून मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो. तिचे ओठ हलले. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"चिंबोऱ्या चांगल्या होत्या," ती म्हणाली. दम घेतला. "मीठ जरा कमी होतं."